वयनी, तू नव्हतंच म्हणालीस

वयनी, तुझ्या बाराव्याच्या पानावर मी पाच भाज्यांचं खतखतं वाढलं, ते तिरफळं न घालता. मुद्दाम. बिनतिरफळांचं खतखतं म्हणजे आजाऱ्याचं जेवण, असं तू जन्मभर म्हणत आलीस, आणि चुकून कधी ती राहिली तर पान सरकवून उठायचीस. आता ऊठ बघू. मदतीला आलेली शेजारीण कुजबुजली, "गो सुलभा, तिरफळां घालूक रवली मगो!" मी म्हटलं, "रवूं दी."

लोक आले, बसले, बोलून गेले. शालनवयनी म्हणजे देवमाणूस. शालनवयनीनं दोन भावांचे संसार एका चुलीवर टिकवले. धाकट्या दिराला पोटच्या पोरासारखं वाढवलं, आणि धाकट्या जावेला सख्ख्या बहिणीसारखं वागवलं. हे शेवटचं म्हणताना सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंडाला पदर लावून बसले होते, त्यांना वाटलं मी रडतेय. रडत नव्हते असंही नाही. पण पदराआड दात आवळलेले होते, ते कुणाला दिसले नाहीत.

गेलेल्या माणसाला नावं ठेवायची आपल्यात पद्धत नाही. बरं, मग जिवंतपणी तरी ठेवू द्यायची होतीस. तेव्हा मी तोंड उघडलं की तू एक तर पेज मागायचीस, नाही तर गाईला पेंड घातली का म्हणून विचारायचीस. आता तुला उठून आत जाता येत नाही. आता ऐक.

मी मयेहून धारगळला सून म्हणून आले तेव्हा या घरात सासू नव्हती. सासूच्या जागी तू होतीस. हे तुला वयनी म्हणायचे, म्हणून मीही वयनीच म्हणू लागले. लोखंडी सुळक्यावर नारळ सोलताना हात कुठे धरायचा, पाववाल्या पोदेराच्या टोपलीतला कालचा पाव बोटानं दाबून कसा ओळखायचा, तुझ्या नवऱ्याला, दादांना राग आला की किती वेळ गप्प बसायचं, हे सगळं मला तू शिकवलंस. पहिल्या पावसाळ्यात मला ताप आला तेव्हा माझ्या उशाशी बसून तू रात्री जागवल्यास. हे मी नाकारत नाही. नाकारायची सवय तुझी, माझी नाही.

त्याच वर्षी तुला धाकटा उमेश राहिला, आणि मला या घरची रीत कळली. घरातली बाई पोटुशी असली की त्या वर्षीचा गणपती पाण्यात सोडायचा नाही. पाचव्या दिवशी वाड्यावरचे सगळे गणपती वाजतगाजत ओहळावर जातात, आपला मात्र चौकीवर बसून राहतो, ती बाळंत होईपर्यंत. रोज पूजा, रोज नैवेद्य. मग गावाला वेगळं सांगावं लागत नाही. अमक्यांचा गणपती राहिला म्हटलं की अमक्यांच्या घरी पाळणा हलणार, हे लोक समजून जातात. त्या वर्षी तो शिगम्यापर्यंत, होळीपर्यंत राहिला. तुला वास सोसायचे नाहीत, म्हणून देवाचं सगळं माझ्याकडे. दुर्वा मी खुडल्या, नैवेद्य मी केला, ऐन थंडीत पहाटे न्हाऊन मी पूजेची तयारी केली. तू भिंतीला टेकून बघायचीस आणि म्हणायचीस, "पुढल्या वर्सा तुजेखातीर रवतलो गो, बघ तू."

पुढल्या वर्षी राहिला नाही. त्याच्या पुढल्या वर्षीही नाही. म्हापशाचे डॉक्टर झाले, पणजीचे झाले, देव झाले, नवस झाले. दर चतुर्थीला पाचव्या दिवशी मी ओहळापर्यंत जायचे, पाण्यात उतरणारा गणपती बघायचे आणि मनात म्हणायचे, परत माझ्यामुळेच चालला हा. चाळिशी उलटली तेव्हा आम्ही दोघांनी काही न बोलता तो विषय सोडून दिला. कपाटात जपून ठेवलेली झबली मी तुझ्या भाचीच्या मुलाला देऊन टाकली.

आणि त्रेचाळिसाव्या वर्षी, श्रावणात, माझी पाळी चुकली.

मी तुलाच सांगितलं. आणखी कुणाला सांगणार? तू टाळी वाजवलीस. "गेली गो तुझी! सुटलंस! माझीपण अशीच गेल्ली, न सांगता." संध्याकाळपर्यंत विहिरीवरच्या बायकांना कळलं होतं. एक म्हणाली, आता लोणच्याला खुशाल हात लाव. दुसरी म्हणाली, आता गुडघे धरतील, तेल लावत जा. मीही हसले. मग सकाळी सकाळी पोदेराची सायकल भोंपू वाजवत दारात आली की मला पावाच्या वासानं ढवळायला लागलं. मी मागल्या दारी पळायचे. गेलेल्या पाळीनं कुणाला पावाचा वास लागतो का, हे विचारायला मी तुझ्याकडे यायला निघाले आणि न्हाणीच्या दारातच थांबले. माझं मलाच कळलं होतं, फक्त मोठ्यानं म्हणायचा धीर नव्हता.

शुक्रवारच्या बाजाराचं निमित्त करून म्हापशाला गेले. औषधाच्या दुकानात तपासायची पट्टी मागितली तर दुकानदार म्हणाला, "मुलीसाठी काय?" मी हो म्हटलं. काय म्हणणार होते? पट्टीवर दोन रेघा उमटल्या तेव्हा मी न्हाणीत खाली बसले आणि तोंडात पदर कोंबून हसले की रडले, ते मला आजही सांगता येणार नाही.

हे तेव्हा डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचे. त्यांना सांगितलं तर दुसऱ्या दिवशी खाडा करून मला स्कूटरवर म्हापशाला डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरीणबाई शांत होती. तिनं यंत्राच्या पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. काजव्यासारखं काहीतरी लुकलुकत होतं. ह्यांनी माझा हात एवढा दाबला की बांगड्या मनगटात रुतल्या. बाई म्हणाली, "या वयात राहिलेले गर्भ सुरुवातीला पुष्कळदा आपोआप जातात. चांगले राहतातही, निरोगी मुलं होतात. दोन्हींची तयारी ठेवा आणि जपा." परतताना हे ट्रकवाल्यांसारखं जोरात हाकणं विसरले. धारगळच्या चढावर मागचे लोक हॉर्न वाजवत होते आणि हे आपले सायकलवाल्याला वाट देत होते.

तुला सांगितलं तेव्हा तू विळीवर नारळ खवत होतीस. हात थांबला. मला वाटलं, आता उठून मला मिठी मारेल. तू पुन्हा खवायला लागलीस आणि खाली बघूनच म्हणालीस, "कोणाक सांगू नाका."

मला वाटलं, दृष्टीची भीती. मीही केवढी भोळी! तुझ्या थोरल्या संदेशचं लग्न बांद्याच्या लोकांकडे जमत आलं होतं. मुलीकडची माणसं चतुर्थीच्या तिसऱ्या दिवशी घर बघायला येणार होती. तू खोबऱ्याची वाटी खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "घरात सून येवची आनी चुलतसासवेक बाळंतपण? लोक आमच्या तोंडात शेण घालतले गो. ह्या वयात!"

"वयनी, वय माझं आसा, लोकांचं नाय," मी म्हटलं. "आनी गणपती? तो रवतलो मगो?"

"बघूया," तू म्हणालीस.

बांद्याची माणसं आली, जेवली, घर त्यांना आवडलं. पानं मी वाढली, ओकारी गिळून गिळून वाढली. पाचव्या दिवशी दुपारी तू दादांना सांगितलंस की तिन्हीसांजेला देव निघेल. मी ह्यांना स्वयंपाकघरात ओढलं. "बोला काही तरी. तुमचं मूल आहे." हे खाणीच्या रस्त्यावर मुकादमाशी हुज्जत घालणारे, पण तुझ्यासमोर ह्यांचा आवाजच फुटायचा नाही. म्हणाले, "वयनीन सांगलां मगे. लग्न ठरूं दी, मग सांगूया सगळ्यांक. देवाक समजता." देवाला समजत असेल हो. मला समजत नव्हतं.

आरतीचं ताट तूच माझ्या हातात दिलंस. ओहळाच्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ होतं. तू माझं कोपर घट्ट धरलंस. "सांबाळ. निसरड्यो आसत." मी तुझ्याकडे बघितलं. तू समोर बघत होतीस. दादा आणि हे छातीभर पाण्यात उतरले, गणपती एकदा वर आला आणि बुडाला. काठावरच्या बाया म्हणाल्या, पुढच्या वर्षी लवकर या. मी नाही म्हटलं. माझ्या ओठांवर ते आलंच नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेलं. दुपारी, न्हाणीत. हे खाणीवर होते. मी तुला हाक मारली. वयनी, तू धावत आलीस तेव्हा तुझ्या हाताला पीठ होतं, ते अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. एक प्रश्न तू विचारला नाहीस. मला धुतलंस, भाड्याची गाडी बोलावलीस, माझं डोकं मांडीवर घेऊन म्हापशापर्यंत आलीस. डॉक्टरीणबाईनं तुझ्यासमोर सांगितलं, गर्भ होता, गेला, कुणाची चूक नाही, या वयात असं होतं, हिला जपा. तुझ्यासमोर सांगितलं. तू मान हलवलीस.

आणि घरी आल्यावर तू काय केलंस ते सांगू? जुनं सुती लुगडं फाडून त्याचा पट्टा केलास आणि माझं पोट बांधलंस. गच्च, बाळंतिणीचं बांधतात तसं. कानात कापूस घातलास. वारा लागू नये म्हणून जनेलं लावून घेतलीस. ओव्याची धुरी दिलीस, मेथ्यांची पेज दिलीस, मिऱ्यांचा काढा नाक दाबून पाजलास. तेवढ्यात शेजारीण दारात आली, विचारायला, सुलभाला काय झालं. तू तशीच, माझ्या पोटाच्या गाठीवर हात ठेवून, बसल्या जाग्यावरून मोठ्यानं सांगितलंस, "कितें ना गो. पाळीचो त्रास. जाताना असो जाता."

पाळीला कोण पोट बांधतं, वयनी?

ती गेल्यावर मी विचारलं, "वयनी, बाळ होतं ना गो?" तू माझ्या अंगावर चादर ओढलीस. "कसलें बाळ? रगत साचिल्लें, गेलें. तू निज."

इथे एक गोष्ट सरळ सांगते, म्हणजे वर बसून मला वेडी ठरवू नकोस. गणपती पाण्यात गेला म्हणून माझं मूल गेलं, असं मी एकदाही म्हटलं नाही. डॉक्टरीणबाईचं मी ऐकलं, मला पटलं. माझ्या वयाचं ते होतं, टिकलं नाही. देवाचा दोष नाही, तुझाही नाही. मूल गेल्याचं भांडण तुझ्याशी नव्हतंच. भांडण याचं, की तू नव्हतंच म्हणालीस. गेलं म्हणाली असतीस तर आपण दोघी गळ्यात गळा घालून रडलो असतो, आणि चार महिन्यांनी मी संदेशच्या लग्नात तुझ्याबरोबर हळद कुटली असती. गेलेल्याला रडता येतं. नव्हतंच म्हटलं की बाई रडणार कुणाला? लोकांनी विचारलं, सुलभा अशी का सुकली, तर तू सांगायचीस, पाळी जाताना बायकांचं डोकं फिरतं. माझं दुःख तू पाळीच्या खात्यावर टाकलंस आणि मोकळी झालीस.

मी माहेरी निघून गेले. मयेला भावाकडे. तळ्याच्या वाटेवर भाऊ मला संध्याकाळी फिरायला न्यायचा आणि काही विचारायचा नाही, तो बिचारा. एके दिवशी तू आलीस, पिशवीत उकडे तांदूळ आणि सोलांची बरणी घेऊन. म्हणालीस, "चल घरा. लग्न तोंडार आयलां. लोक विचारतत, सुलभा खंय."

मी म्हटलं, "येते. एकदा म्हण, होतं म्हणून. फक्त माझ्याकडे म्हण. भावजय ऐकणार नाही, दार लावते."

तू बरणीचं झाकण घट्ट केलंस. "जें नव्हतें तें होतें म्हणू?"

आणि मी तुझ्याबरोबर परत आले. जाणार कुठे?

अश्विनी सून होऊन आली. गोड मुलगी. तिला पहिली मुलगी झाली, बारसं ठरलं. बाया पाळण्याभोवती जमल्या, मी हातातला रवा खाली ठेवून पुढे झाले, तर तू माझ्या दंडाला धरलंस. "सुलू, तू रांदचेकुडीत बघ. पाक करपतलो." स्वयंपाकघरात पाक उतरवून झाला होता. तुलाही ठाऊक होतं, मलाही. मूल न झालेल्या बाईचा हात पाळण्याला नको, एवढं सरळ सांगायचीही तुला लाज वाटली. तुझ्या तोंडून एक शब्द निघाला असता तर मी त्या बायांत गर्भ राहिलेली बाई म्हणून उभी राहिले असते. तुझ्या एका शब्दावर माझं नाव अडलं होतं. वांझ हे नाव माझ्यावर तू बसवलंस, देवानं नाही. त्या दिवशी चुलीसमोर बसून मी ठरवलं, हिच्याकडून मी हे वदवून घेणार. कितीही वर्षं लागोत.

लागली. आणि वदवून घेता आलं नाहीच.

तुझे पाय सुजले, मग तू अंथरूण धरलंस. अश्विनी पेडण्याला नोकरीला जाते, तेव्हा तुझं सगळं माझ्याकडे आलं. तुला न्हाऊ घालायची ती मी. तुझ्या केसांना तेल लावायची ती मी. तेल लावता लावता विचारायची तीही मीच. "वयनी, आता तरी म्हण गो." तू डोळे मिटून घ्यायचीस. कधी कधी मला वाटायचं, केसच ओढावेत. ओढले नाहीत. पण फणी जरा जोरात फिरवली, हे खरं. तू ओय म्हणालीस तेव्हा बरं वाटलं, हेही खरं.

ह्या आषाढात अश्विनी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "काकी, माझी पाळी गेली वाटतं. बेचाळिशीतच. सुटले बाई." तिची मुलगी कॉलेजला जाते. मी तिच्याकडे बघितलं. चहाचा कोप तिनं नाकापासून लांब धरला होता. मी म्हटलं, "गेली बिली काही नाही. उद्या रजा टाक आणि आधी म्हापशाला जा. कुणी काही सांगितलं तरी ऐकू नकोस." ती गेली. दिवस गेले होते. बाळ चांगलं आहे, म्हणाले डॉक्टर, पण वय बघून सगळ्या तपासण्या करा. तिचा नवरा तिच्याबरोबर प्रत्येक तपासणीला जातो, कुणाला विचारत नाही.

आणि वयनी, तू! तुला कळलं तेव्हा तू उशीला टेकून उठून बसलीस. महिनाभरात बसली नव्हतीस. "ह्या वयार देवान दिलां! केदें नशीब!" शेजारणीला बोलावून सांगितलंस. साखर वाटायला लावलीस. संदेशला जवळ घेऊन बजावलंस, "औंदा गणपती धाडूक नाका. माझी सून पोटुशी आसा. हांव आसूं वा नासूं, देव घरात रवूंक जाय."

तिला लाज नाही, तिला लोक नाहीत, तिला वय नाही. मी तुझ्या खाटेच्या पायथ्याशी उभी होते. मी मागल्या दारी गेले आणि हाताला येतील तितके नारळ सुळक्यावर घालून सोलून काढले. गरज एकाचीही नव्हती. सोललेल्या चोडी अंगणभर उडाल्या. हे बाहेर आले, बघितलं आणि मुकाट्यानं आत गेले.

मग मी तुझ्याकडे आले, हात धुतले नव्हते. "आणि माझ्या वेळेला, वयनी?"

तू भिंतीकडे बघितलंस. "तुझ्या वेळार कितें?"

"माझ्या वेळेला देव का नाही ठेवलास?"

तुझे ओठ हलले, मी वाकून कान जवळ नेला. माझं सगळं आयुष्य त्या कानात आलं होतं. तू म्हणालीस, "पेज थंड जाली गो."

मी पेज गरम करून आणली. भरवली. तोंड पुसलं. आठवड्यानं तू गेलीस, माझ्याच मांडीवर, आणि जाताना माझा हात धरून होतीस. तेवढं धरायला तुला जमलं. मी तुला न्हाऊ घातलं, हळदकुंकू लावलं, सवाष्ण म्हणून तुझी ओटी भरली. ओटी भरताना मला रडू आलं ते खरं रडू होतं. माझं पोट जन्मात फक्त तू बांधलंस. म्हणूनच तुला सोडणार नाही. परक्या बाईनं नव्हतं म्हटलं असतं तर मी थुंकून पुढे गेले असते.

आणि आता कालचं सांगते.

वर्षाच्या आत घरात मरण, म्हणून फटाके नव्हते, देवावर टांगायची माटोळीसुद्धा साधी, चार नारळ, सुपारीचे घड आणि कवंडळं. पण देव आणलाच, तुझी तशी इच्छा. काल पाचवा दिवस झाला. वाड्यावरचे गणपती ओहळावर गेले, आपला चौकीवर बसून राहिला. जेव्हा देव राहतो तेव्हा त्याच्यासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं असतं, कुणासाठी राहायचं ते सगळ्या घरासमोर मोठ्यानं सांगायचं, आणि प्रत्येक वाक्याला घरानं होय महाराजा म्हणायचं. मान दादांचा. पण तुझ्या दुःखात दादा नारळ धरणार नाहीत, म्हणून तो ह्यांच्याकडे आला. हे देवासमोर उभे राहिले, बा देवा म्हटलं, आणि अडले. मी पुढे झाले आणि तो माझ्या हातात घेतला. बाईनं गाऱ्हाणं घातलेलं या घरात कुणी बघितलेलं नाही. संदेश काहीतरी म्हणायला गेला, अश्विनीनं त्याचा हात धरला.

मी म्हटलं, "बा देवा गणपती महाराजा, ह्या घरची सून अश्विनी पोटुशी आहे, तिच्या पोटासाठी तू हिथे राहा, तिचं बाळ आणि ती दोघं सुखरूप ठेव."

सगळे म्हणाले, "व्हय महाराजा!"

मी म्हटलं, "तिचं वय बेचाळीस, तरी कुणाला लाज वाटलेली नाही."

"व्हय महाराजा!" आवाज थोडा पडला.

मी श्वास घेतला. समोर तू भिंतीवर होतीस, तसबिरीला हार घातलेला. मी तुझ्याकडे बघून म्हटलं, देवाकडे नाही. "आणि महाराजा, संदेशचं लग्न ठरलं त्या चतुर्थीला ह्या घरची धाकटी सून सुलभा पोटुशी होती. तिच्या पोटात बाळ होतं. तिच्यासाठी तुला ठेवायला हवं होतं, शालननं ठेवलं नाही. ते बाळ गेलं. पण ते होतं."

समईची वात तडतडत होती. ह्यांनी मान खाली घातली होती. मी नारळ खाली ठेवला नाही. गाऱ्हाण्याला होकार मिळाल्याशिवाय नारळ ठेवत नाहीत, हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. माझे हात दुखायला लागले. मी तशीच उभी राहिले.

अश्विनी हळू आवाजात म्हणाली, "व्हय महाराजा." मग हे म्हणाले, रडत रडत, लहान पोरासारखे. मग संदेश, खाली बघून. आणि वयनी, सगळ्यांत शेवटी, आरामखुर्चीतून उठून, काठीवर भार देऊन, तुझा नवरा म्हणाला, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

मी नारळ देवापुढे ठेवला. आता म्हण, नव्हतं म्हणून.